तेरावा, चौदावा, पंधरावा

"बारबोले बाई, या कंपनीला अधिक महिना आलाय."

हरिभाऊ कुंभोजकर प्रूफावर लाल पेन्सिल टेकवून बसले होते आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होते. मी हसले. अधिक अश्विन चालू होता. हरिभाऊ दिवसा आमच्या साप्ताहिकाची आणि संध्याकाळी घरी एका पंचांगाची प्रूफं तपासायचे. त्यांना सगळीकडे अधिक महिना दिसणार, त्यात नवल ते काय, असं मला वाटलं.

"एक नाही, तीन आलेत," ते म्हणाले. "दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना? इथे तेरावा, चौदावा आणि पंधरावा."

त्यांनी चतुष्क सॉफ्टवेअरचा वार्षिक अहवाल माझ्याकडे सरकवला आणि एका ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. १ जानेवारी २००० ते ३१ मार्च २००१. मी ती ओळ वाचली. परत वाचली. मग मीही पेरं मोजली, जणू हरिभाऊंच्या हाताला पेरं जास्त असावीत.

पंधरा महिने.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. बार्शीहून एम.कॉम. होऊन पुण्यात आलेली आणि स्वतःला जरा जास्तच हुशार समजणारी. 'ठेवा' हे गुंतवणुकीचं साप्ताहिक लक्ष्मी रोडवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून निघायचं. वाचक बहुतेक निवृत्त माणसं: मास्तर, बँकेतले, टपाल खात्यातले. आमच्या अंकाची भिस्त होती ती तक्त्यावर. शेअर बाजारात नोंदलेल्या नऊ सॉफ्टवेअर आणि माहिती-सेवा कंपन्या एकाखाली एक, आणि पुढे विक्री, विक्रीतली वाढ, नफा, माणशी कमाई. वरून खाली क्रम लावलेला. आमचे संपादक परचुरे सर म्हणायचे, "आमचा वाचक लेख वाचत नाही, क्रमांक वाचतो." हा तक्ता वर्षातून दोनदा यायचा. जुलैत एकदा आणि दसरा विशेषांकात एकदा. विशेषांक मुद्दाम दोन आठवडे आधी काढत, म्हणजे वाचकाला मुहूर्तावर खरेदी करायच्या आधी विचाराला वेळ मिळावा.

त्या वर्षी तक्ता पहिल्यांदाच माझ्याकडे आला होता. जुलैत मी चतुष्कला पहिला क्रमांक दिला होता. आदल्या वर्षीची विक्री चौसष्ट कोटी, या वर्षीची शहाण्णव. वाढ पन्नास टक्के. बाकी कुणी चाळीसच्या वर नव्हतं. चतुष्क आधी डिसेंबरात वर्ष संपवायची. त्या वर्षी तिनं इतरांसारखं मार्चात संपवायचं ठरवलं, आणि मधले तीन महिने त्याच वर्षाला जोडून टाकले. मी ते पंधरा महिने उचलले आणि बाकीच्यांच्या बारा महिन्यांशेजारी ठेवले. पोरांच्या शर्यतीत एकाला रेघेच्या बरंच पुढं उभं करावं आणि मग त्याच्या पळण्याचं कौतुक करावं, तसं ते होतं.

"बाराच्या हिशेबानं किती होतात?" हरिभाऊंनी विचारलं.

मी कॅल्क्युलेटर ओढला. "शहात्तर पूर्णांक आठ. वाढ वीस टक्के."

"मग नंबर?"

मी रकाना वरून खाली बघत गेले. "आठवा."

"नवांतला आठवा," हरिभाऊ म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते. छापखान्याची रिक्षा चारला पानं न्यायला यायची.

माझ्या टेबलाच्या खणात सोळा पत्रं होती. जुलैचा तक्ता वाचून आलेली. 'आपल्या मार्गदर्शनानुसार चतुष्कचे शेअर घेतले, आभारी आहे.' एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं लिहिलं होतं की घ्यायचेत, पण दसऱ्याच्या तक्त्याची वाट बघतेय. ती पत्रं मी आईला दाखवायला जपून ठेवली होती. आता त्या खणाकडे बघवेना.

"हे जुलैतच दिसायला हवं होतं," मी म्हणाले.

"मला," हरिभाऊ म्हणाले. "पान पास केलं होतं मी. आकडे जुळवले, तारखा बघितल्या नाहीत. तुम्ही सरांना फोन लावा."

सरांच्या घरचा फोन एंगेज लागत होता. चार वेळा लावला. मग मला आठवलं की आज सर येणारच नव्हते. त्यांच्या मुलीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, घरी जावयाला अधिकाचं वाण होतं. फोन काढून ठेवला असणार. आणि त्यासरशी दुसरी गोष्ट आठवली. जावई निनाद चतुष्कच्या हिशेब खात्यात होता. जुलैचा तक्ता बघून सर ऑफिसभर सांगत फिरले होते की बघा, मी एक शब्द बोललो नाही, आकडेच बोलले.

"जाऊन या," हरिभाऊ म्हणाले. "मी पान धरून ठेवतो."

"सर नाही म्हणाले तर?"

"ते तिथे गेल्यावर कळेल."

मी खाली उतरले. पहिल्या मजल्यावर शहा ब्रोकरचं ऑफिस होतं. दार उघडं होतं आणि आतून फोनवर भाव ओरडल्याचा आवाज येत होता. हरिभाऊ रोज तीनला तिथे चहाला बसायचे. मी स्कूटर काढली आणि कोथरूडला निघाले.

परचुरे सरांच्या दारात रांगोळी होती आणि आत तुपाचा वास. निनाद पाटावर बसला होता, नवा सदरा घालून, अवघडलेला. समोर चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे रचलेले होते आणि वर तुपाचा दिवा. काकू त्याला कुंकू लावत होत्या. सर बाजूला सोवळ्यात उभे. मला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बारबोले? आज काय काढलंत?"

"सर, तक्ता चुकलाय."

'ठेवा'त बावीस वर्षांत एकही दुरुस्ती छापून आली नव्हती. आम्ही आपसात म्हणायचो, ठेवात चूक होत नाही, फार तर शाई पुसट होते.

"कुठला आकडा?" सरांनी विचारलं.

"आकडा बरोबर आहे. महिने चुकले." मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चतुष्कचं नाव घेताना जावयाकडे बघायचं टाळलं. काकूंनी माझ्या हातात एक अनारसा ठेवला आणि मला बसायची खूण केली. मी बसले नाही. अनारसा हातातच राहिला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "पुढच्या अंकात एक तळटीप देऊ. आता पानं हलवायला वेळ नाही."

"चारपर्यंत होतं सर. पान हरिभाऊंकडे आहे."

"अधिकात नवीन काही करू नये म्हणतात," सर हसून म्हणाले. मग हसू गेलं. "अहो, कंपनी काही वाईट नाही. निनादराव, सांगा यांना."

निनादनं मान वर केली. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. "पंधरा महिने आम्ही अहवालाच्या पहिल्याच पानावर छापलेत. लपवलेलं काही नाही."

"ऐकलंत?" सर म्हणाले.

"हो. त्यांनी लपवलं नाही. मी वाचलं नाही." हे बोलताना माझे कान तापले. "म्हणून तर दुरुस्त करायचं आहे. लोक दसऱ्याला घेणार आहेत सर. पहिला नंबर बघून घेणार आहेत."

"आणि आठवा बघून सोमवारी विकतील. ते बरं का?"

हा प्रश्न खरा होता आणि मी वाटेत तो स्वतःला विचारला नव्हता. ज्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून घेतले होते, त्यांचं नुकसान दुरुस्तीनं होणारच होतं. दुरुस्ती केली नाही तर अजून नव्या लोकांचं होणार होतं. मधून वाट नव्हती.

काकू म्हणाल्या, "ताटावर बसलेल्या माणसासमोर हे कशाला? त्यांना जेवू द्या तरी."

सर मला माजघरात घेऊन आले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा बारबोले. आज माझ्या जावयाला मी वाण देतोय आणि आजच त्याची कंपनी पहिल्यावरून आठव्यावर नेऊ? त्याच्या घरची माणसं आमचा अंक घेतात. काय म्हणतील?"

"सर, ते तीन महिने आपण कंपनीला वाण म्हणून दिलेत असं म्हणतील. आज ना उद्या कुणीतरी पेरं मोजेलच."

हे मी कसं बोलले मला अजून कळत नाही. सरांचा चेहरा लाल झाला होता. बाहेर काकूंनी जावयाला आग्रह केल्याचा आवाज आला.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "करा दुरुस्ती. पण 'आमची चूक' असं लिहायचं नाही. ठेवाची चूक नाही ती. तुमची आहे. चौकट करा आणि खाली तुमचं नाव छापा. नाव, आडनाव. आहे तयारी?"

त्या दिवसापर्यंत माझं नाव 'ठेवा'त कधीच छापून आलं नव्हतं. तक्ता निनावीच जायचा. पहिल्यांदा यायचं ते चुकीखाली. ते वाचून कुठल्या ऑफिसनं मला दारात उभं केलं असतं? सरांना वाटलं होतं मी माघार घेईन. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

"लिहिते," मी म्हणाले.

"आणि पुढच्या वर्षी तक्ता दुसरं कुणी करेल."

"चालेल, सर." चालणार नव्हतं.

बाहेर निनाद हात धुवायला अंगणातल्या नळावर आला होता. मी स्कूटरला किल्ली लावत असताना तो नळाकडेच बघत म्हणाला, "मी तिथला नोकर आहे. मला तुम्हाला काही सांगता यायचं नाही."

"मी विचारलंही नाही."

"पण पेपरात जाहीर छापलेलं वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. मे महिन्यातली आमची तिमाही आकड्यांची जाहिरात बघा. लहान होती, आतल्या पानावर." त्यानं नळ बंद केला आणि आत गेला.

मी ऑफिसात पोचले तेव्हा तीनला पाच कमी होते. अनारसा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला होता. हरिभाऊ पानावर हात ठेवून बसलेले. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि आम्ही दोघं कात्रणांच्या फाइलीवर तुटून पडलो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका सहकारी बँकेच्या जाहिरातीखाली ती सापडली. मी आकडे मोठ्यानं वाचले आणि हरिभाऊंनी लिहून घेतले. पहिल्या बारा महिन्यांत चौऱ्याऐंशी कोटी, म्हणजे तिमाहीला सरासरी एकवीस. शेवटच्या तिमाहीत बारा.

म्हणजे कंपनी नुसती हळू वाढत नव्हती. ती घसरायला लागली होती, आणि ज्या तीन महिन्यांत घसरली तेच तीन महिने माझ्या तक्त्यात तिला पहिली आणत होते.

"बाजार साडेतीनला बंद होतो ना?" हरिभाऊंनी विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. तुम्ही चौकट लिहा."

मी लिहायला बसले. संगणकावर पान लावणारी मीनल शेजारी कीबोर्डवर हात ठेवून थांबली होती. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. प्रत्येक वाक्यात मी स्वतःला जरा सांभाळून घेत होते. 'नजरचुकीने' लिहिलं, तर हरिभाऊंनी ते लाल पेन्सिलीनं खोडलं.

"नजर कशाला मधे? चूक म्हणा."

"तुम्ही चहाला जाऊन या ना," मी वैतागून म्हणाले. "शहा वाट बघत असतील."

"आज नको."

ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. बसले. लाल पेन्सिलीला टोक होतं तरी तिला टोक काढत राहिले. खालच्या मजल्यावरून भावांचा गलका जिन्यानं वर येत होता. मग तो एकदम थांबला. घड्याळात साडेतीन झाले होते. हरिभाऊंनी पेन्सिल खाली ठेवली आणि चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, पान वेळेत जाईल की नाही याची काळजी असेल.

चौकट शेवटी एवढीच झाली: 'जुलैच्या तक्त्यात माझी चूक झाली. चतुष्क सॉफ्टवेअरचे पंधरा महिन्यांचे आकडे मी इतर कंपन्यांच्या बारा महिन्यांशी ताडून पाहिले. बारा महिन्यांच्या हिशेबाने या कंपनीचा क्रमांक पहिला नसून आठवा आहे. शेवटच्या तिमाहीत तिची विक्री बरीच घटलेली आहे. - नंदिनी बारबोले.'

मीनलनं ते टाइप केलं आणि तक्त्यात चतुष्कची ओळ आठव्या जागी नेली. प्रूफ निघालं. हरिभाऊंनी ते तपासलं आणि माझ्या नावाखाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली. 'मुद्रितशोधन: ह. वि. कुंभोजकर.'

"हे कशाला? सर चिडतील."

"चिडोत. पान दोघांनी पास केलं होतं."

चारला रिक्षा आली आणि पानं गेली.

शनिवारी अंक पुण्यात पोचला. सोमवारी चतुष्कला घेणारा कुणी नव्हता, सगळे विकणारे. कंपनी पुण्यातली, तिचे शेअर बाळगणारेही बरेचसे आमचेच वाचक. पुढच्या आठवड्यात तिचे नवे तिमाही आकडे आले, तोट्याचे, आणि मग उरलंसुरलंही गेलं. एकशे साठीचा शेअर दिवाळीनंतर चाळिशीत होता. मला शिव्यांची पत्रं आली, सोळाच्या कितीतरी पट. 'आधी चढवता, मग पाडता.' मुख्याध्यापिका बाईंचं एक कार्ड आलं, त्यावर फक्त 'घेतले नाहीत' एवढंच लिहिलं होतं. तेच मी आईला दाखवलं.

सरांनी बोलल्याप्रमाणे तक्ता काढून घेतला. वर्षभरानं मी मुंबईला एका मोठ्या ब्रोकरच्या संशोधन विभागात लागले. मुलाखतीत साहेबांनी दसरा अंकाचं ते पान टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्हीच?" मी हो म्हणाले. त्यांनी अजून काही विचारलं नाही.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला, अधिक श्रावण. मनात काय आलं कुणास ठाऊक, मी आईकडून पीठ मागवलं, अनारसे तळले आणि डबा घेऊन पुण्याला हरिभाऊंच्या घरी गेले. सहकारनगरात दोन खोल्या. दार त्यांच्या पत्नीनं, कुंदाकाकूंनी उघडलं. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत त्या मागे सरल्या.

"मी काही तुमचा जावई नाही," हरिभाऊ डबा बघून म्हणाले.

"जावई असता तर चांदीचं ताट आणलं असतं."

ते खूश झाले. काकू खुर्चीच्या हातांवर भार देऊन हळूहळू बसल्या. मी म्हणाले, "गुडघे फारच धरलेत का हो?"

"धरलेत तर धरलेत. ऑपरेशनला ठेवले होते ह्यांनी पैसे," काकू सहज म्हणाल्या. "ते तुमच्या त्या तक्त्यातल्या कंपनीत घातले. जुलैत. पाचशे शेअर. एकशे बासष्टनी घेतले नि एक्केचाळीसनी गेले."

हरिभाऊ म्हणाले, "कुंदा, पाणी तरी दे त्यांना." पण काकू उठू शकत नव्हत्या आणि मीही उठू शकले नाही.

त्या शुक्रवारची दुपार माझ्यासमोर उभी राहिली. साडेअकराला त्यांनी पेरं मोजली होती. त्यानंतर चार तास बाजार चालू होता, शहांचं दार उघडं होतं, दोन जिने खाली.

"विकता आले असते," मी म्हणाले. "त्याच दिवशी. कुणाला कळलंही नसतं."

"म्हणून तर चहाला गेलो नाही," हरिभाऊ म्हणाले. "बसलो की बोलून जातो माणूस."

"पण हरिभाऊ..."

"छापून यायच्या आधी जे वाचलं, ते आपण वाचलेलं नसतं, बाई. छापखान्यात पहिल्या दिवशी हे शिकवतात. आमच्याकडे बोर्डाचे पेपर छापायचे. चौऱ्याहत्तर साली मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरचं प्रूफ मी वाचलं. रजा मागितली होती, मिळाली नाही. आमचा सुहास त्याच वर्षी मॅट्रिकला."

"मग?"

"गणितात गेला," काकू म्हणाल्या. "दोन मार्कांनी."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. तक्त्याची चूक माझी होती, चौकटीत नाव माझं होतं, आणि इतकी वर्षं मी ती चौकट स्वतःच्या धीराची गोष्ट म्हणून लोकांना सांगत आले होते. तिच्याखालची दुसरी ओळ मी कधी नीट वाचलीच नव्हती.

हरिभाऊ मला थांबा म्हणाले नाहीत. त्यांनी डबा जवळ ओढला, चष्मा लावला आणि एकेक अनारसा झाकणावर काढून मोजायला लागले. डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून सरकत होता.

"चौतीस आहेत," ते म्हणाले. "एक अधिक आहे."

आणि तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला.